ज्यू कबरीवर खडे का ठेवतात? आणि मी जाताना काय नेऊ?

पायवाट:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या शेजारी एक ज्यू आजोबा राहायचे, ते गेल्या वर्षी वारले. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दारातला बर्फ कसा उपसायचा, मीठ कधी टाकायचं इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं, पुढे माझ्या मुलीला बुद्धिबळ शिकवलं, रोज संध्याकाळी ती त्यांच्याकडेच असायची. ते गेले तेव्हा आम्ही भारतात होतो आणि त्यांच्यात दफन अगदी लगेच उरकतात, त्यामुळे शेवटचं दर्शनसुद्धा झालं नाही, ते मनाला फार लागून राहिलंय.

आता त्यांच्या मुलाचा फोन आला की कबरीवरच्या दगडाचं अनावरण आहे, तुम्ही सगळे या. मी म्हटलं येतोच, फुलं घेऊन येतो. तर ते म्हणाले आणा हवी तर, पण बाबांना खडा जास्त आवडला असता. पुढे विचारायला मला संकोच वाटला. फोटोत बघितलंय मी, ज्यू लोकांच्या कबरीवर छोटे छोटे खडे रचलेले असतात. पण हे नक्की कशासाठी? धर्माची आज्ञा आहे का? आणि मी हिंदू माणूस, मी ठेवला तर चालेल का, कुठला खडा, कसा ठेवायचा? नेटवर शोधलं तर दहा ठिकाणी दहा कारणं सापडली, एक म्हणतो आत्मा बाहेर येऊ नये म्हणून, दुसरा म्हणतो वाळवंटातली पद्धत. मुलगी पण सारखी विचारतेय, तिला काहीतरी खरं सांगायचंय. कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा.

मुसाफिर:
वाळवंटाचंच बरोबर आहे हो. जुन्या काळी वाळवंटात खोल खणता यायचं नाही, जनावरं उकरतील म्हणून वरून दगड रचायचे, आणि येणारा जाणारा ढिगारा ढासळू नये म्हणून अजून एक दगड टाकायचा. तीच सवय राहिली. गाइड लोक पण हेच सांगतात. फुलं तिथे मिळायची कुठून!

जुनीपानं:
मुसाफिर, ही गोष्ट मीपण बऱ्याचदा ऐकलीय आणि ऐकायला पटते, पण ती एकटी पुरत नाही, कारण बायबलच्या जुन्या भागात प्रेतावर दगडांचा ढीग रचल्याचे जे ठळक प्रसंग आहेत ते सन्मानाचे नाहीतच, उलट अपमानाचे आहेत. यहोशवाच्या पुस्तकात आखान नावाच्या माणसाने लुटीतला माल लपवला म्हणून त्याला दगडांनी मारलं आणि वर मोठा ढीग केला. दाविदाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठला, मारला गेला, त्याला रानातल्या खड्ड्यात टाकून वर दगडांची रास केली. पुढे मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, तर असं आहे की ज्याला समाजाने बहिष्कृत केलंय तो तसाच वारला तर न्यायसभा त्याच्या शवपेटीवर दगड ठेवायला लावायची. म्हणजे दगड ठेवणं ही शिक्षा! त्यामुळे रचलेला दगड म्हणजे आदर, असं सरळ समीकरण मांडता येत नाही.

आता दुसरी बाजू. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची बायको राहेल बाळंतपणात वाटेतच वारते, तेव्हा याकोब तिच्या कबरीवर एक खांब म्हणजे उभा दगड लावतो. हा आदराचा दगड, आणि ज्यू परंपरेत कबरीवर शिळा लावायची तिचा दाखला इथूनच देतात. बाराव्या शतकात तुडेलाचा बेंजामिन नावाचा ज्यू प्रवासी स्पेनहून निघून तिकडे फिरला, त्याने बेथलेहेमजवळची राहेलची कबर ११ दगडांची आहे असं लिहून ठेवलंय, याकोबाच्या मुलांच्या संख्येप्रमाणे. मुलं १२, पण बारावा बन्यामीन त्याच वेळी जन्मलेला, तान्हं बाळ दगड कसा ठेवणार, म्हणून ११. मला ही कथा फार आवडते, कारण यात प्रत्येक मुलाचा वेगळा दगड आहे. आईसाठी प्रत्येकाने आपापला आणला.

तसंच यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएल लोकांनी आपल्या १२ वंशांचे १२ दगड नदीतून उचलून गिल्गालला उभे केले, का, तर पुढे मुलं विचारतील हे दगड कसले, तेव्हा सांगता यावं म्हणून. पायवाट, तुमची मुलगी विचारतेय तेच!

पण पायवाट यांचा प्रश्न छोट्या खड्याचा आहे, शिळेचा नाही. छोटा खडा ठेवा अशी आज्ञा तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथात, कुठेही नाही. तो मिनहाग आहे, म्हणजे रूढी. आणि त्याचं लेखी कारण मिळतं ते अगदी साधं आहे. शुल्हान आरुख हा त्यांचा आचारधर्माचा मुख्य ग्रंथ, १६ व्या शतकातला. त्याच्यावर १८ व्या शतकात बेएर हेतेव नावाची टीका लिहिली गेली, त्यात आधीच्या एका मध्ययुगीन रब्बीच्या म्हणजे धर्मगुरूच्या प्रवचनांचा दाखला देऊन म्हटलंय की लोक गवत उपटून किंवा खडा उचलून कबरीवर ठेवतात ते फक्त मृताच्या मानासाठी, आपण त्याच्या कबरीपाशी येऊन गेलो हे त्याला दिसावं म्हणून. बस, एवढंच. भूत नाही, वाळवंट नाही, जनावरं नाहीत. माझ्या मते बाकीची कारणं लोकांनी नंतर हौसेने जोडली, काही सुंदर आहेत काही ओढूनताणून आहेत, पण मुलीला सांगायचं असेल तर हे सांगा: मी आलो होतो, हे आजोबांना कळावं म्हणून.

पायवाट:
वा, जुनीपानं, किती व्यवस्थित सांगितलंत. मनापासून आभार. आत्मा दाबून ठेवण्याचं वाचून मला जरा कसंतरीच झालं होतं, मुलीला ते सांगवत नव्हतं. म्हणजे ते खोटंच ना?

जुनीपानं:
खोटं म्हणण्यापेक्षा लोकसमजूत म्हणा. तल्मुदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, असा एक विचार आहे की पहिले १२ महिने आत्मा वर जातो आणि खाली येतो, त्याचं देहाशी नातं लगेच तुटत नाही. अशा कल्पनांमधून पूर्व युरोपात भुताखेताच्या कथा बऱ्याच निघाल्या. त्यातूनच कोणीतरी म्हणालं असणार की दगड म्हणजे वजन. पण ज्या माणसाला आपण मुद्दाम भेटायला गेलो त्यालाच दाबून ठेवू, हे पटत नाही मला.

अजून एक कारण सांगतात ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोहेन म्हणजे पुरोहितांचा वंश, त्यांना मृताचा विटाळ चालत नाही, लेवीय पुस्तकात तसा नियमच आहे. त्यामुळे कबर कुठे आहे ते लांबून कळायला हवं. मिश्नात आहे की अदार महिन्याच्या १५ तारखेला कबरींवर खुणा करायचे, पावसाने पुसलेल्या असायच्या म्हणून. ती खूण चुन्याची असायची, म्हणून छोट्या खड्यांचा उगम तिथेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

रोहिणी अश्दोद:
पायवाटदादा, मी लिहू का थोडं, मी बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आईबाबा रायगडचे, मी लहान असताना आम्ही इस्राएलला आलो, आता अश्दोदला असते. घरात अजून मराठीच बोलतो.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं सांगते. हो, चालेल. खडा कोणीही ठेवू शकतो, त्याला धर्माची अट नाही. मुलाने स्वतः सांगितलंय म्हणजे त्यांना तुम्ही घरचेच वाटता, संकोच करू नका. आणि उलट बाजूने बघा ना, जेरुसलेमला सियोन डोंगरावर ख्रिश्चन दफनभूमीत ऑस्कर शिंडलरची कबर आहे. तो कॅथलिक, नात्झी पक्षाचा सभासद होता, पण त्याने कारखान्यात कामाला ठेवून सुमारे १२०० ज्यू वाचवले. १९७४ ला जर्मनीत वारला, इच्छेप्रमाणे इकडे आणून पुरलं. त्याची कबर बघाल तर अक्षरशः खड्यांनी भरलेली असते. तिथे कोणी म्हणत नाही की हा आपल्यातला नाही, याला खडा कशाला.

माझे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे इथे शवपेटी नसते, पांढऱ्या साध्या कफनात थेट मातीत ठेवतात (सैनिकांना मात्र पेटीत). सात दिवस शिवा म्हणजे सुतक, घरात बसायचं, लोक भेटायला येतात, जेवण आणतात. इस्राएलमध्ये शिळा साधारण ३० व्या दिवशी लावतात, तुमच्या अमेरिकेत वर्षभराने लावायची पद्धत आहे म्हणून तुम्हाला आत्ता बोलावणं आलं. मग दरवर्षी तिथीला जायचं, हिब्रू तारखेप्रमाणे, आपल्या श्राद्धाची तिथी असते तशीच, इंग्रजी तारीख नाही. शिवाय एलुल महिन्यात, रोश हशानाच्या म्हणजे नवीन वर्षाच्या आधी खूप लोक जातात.

गेलं की मी आधी हाताने शिळा पुसते. इथे धूळ फार. मग स्तोत्रं वाचायची, काचेच्या पेल्यातली मेणबत्ती लावायची, आणि निघताना खडा. मागच्या वेळचे खडे तसेच असतात पुष्कळदा, आणि कधी नवीन दिसतात, मग आम्ही भावंडं आठवत बसतो की कोण येऊन गेलं असेल. बाबा बसवर ड्रायव्हर होते, त्यांचे कोण कोण मित्र अजून जातात, आम्हाला सांगत पण नाहीत. एकदा कितीतरी एकसारखे काळे गुळगुळीत खडे ओळीने ठेवलेले दिसले, आजपर्यंत कळलं नाही कोणाचे. त्या दिवशी आई किती तरी वेळ ते बघत राहिली, म्हणाली माणूस कमावून गेला. जुनीपानं म्हणतात तसं ते मृतासाठी असेलच, पण मला विचाराल तर त्याच्यामागून येणाऱ्या घरच्यांसाठी पण आहे. तुमचा खडा त्या मुलाला दिसेल, पुढच्या वेळी आला की.

पायवाट:
रोहिणीताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. बायकोलाही वाचून दाखवलं. फुलांचं काय मग, मुळीच नको का?

रोहिणी अश्दोद:
बंदी नाही हो. इथे लष्करी दफनभूमीत, म्हणजे जेरुसलेमला हर्झल डोंगरावर वगैरे, स्मृतिदिनाला पुष्पचक्रं असतात, फुलं असतात, आणि त्यांच्यामध्ये खडे पण असतात. साध्या घरातही कोणी कोणी फुलं नेतं. पण जास्त धार्मिक लोकांना फुलं आवडत नाहीत, त्यांना ते इतरांच्या पद्धतीचं वाटतं. मुलगा हो म्हणाला असला तरी तुम्ही खडाच न्या, त्याने मनातलं सांगितलंच आहे की.

जुनीपानं:
फुलांच्या नावडीमागे अजून एक जुनी गोष्ट आहे, थेट फुलांबद्दल नाही पण वृत्ती कळते. तल्मुदमध्ये आहे की एके काळी मयताचा खर्च इतका वाढला की नातेवाइकांना मरणापेक्षा तो खर्च जड जायला लागला, लोक प्रेत टाकून पळून जायचे. तेव्हा रब्बान गामलिएल या मोठ्या धर्मगुरूंनी, पैसा आणि मान असूनही, मला साध्या लिननच्या कपड्यात न्या असं सांगितलं. मग सगळ्यांनी तेच धरलं. तेव्हापासून श्रीमंत गरीब सगळ्यांना एकच साधं कफन. खड्याला पैसे पडत नाहीत, कोणाचा मोठा कोणाचा छोटा असा देखावा होत नाही. म्हणून तो या सगळ्यात इतका चपखल बसतो असं मला वाटतं. खडा टिकतो आणि फूल सुकतं हे कारण तर सगळेच देतात, पण मला हे समानतेचं जास्त खोल वाटतं.

आणि खर्चच करायचा असेल तर त्यांच्या नावाने कुठे तरी दान द्या. अमेरिकेत ज्यू लोक १८ च्या पटीत देतात, १८, ३६ असं, कारण १८ हा आकडा आयुष्याशी जोडलेला शुभ मानतात. बुद्धिबळाचं म्हणालात ना, एखाद्या शाळेच्या चेस क्लबला दिलंत तरी छान.

मुसाफिर:
जुनीपानं, वाळवंटाबद्दल तुमचं वाचून विचारात पडलो, आखान आणि अबशालोमचं ठाऊक नव्हतं. मी प्राग आणि पोलंड फिरलोय, तिथलं जरा लिहितो कारण मला वाटतं ते इथे हवं.

प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत जवळपास १२००० शिळा आहेत, सगळ्यात जुनी १४३९ ची, आणि १७८७ नंतर तिथे दफन बंद झालं. ज्यूंना वस्तीबाहेर जागा मिळत नव्हती म्हणून एकावर एक मातीचे थर टाकून पुरायचे, त्यामुळे शिळा एकमेकींना खेटून वाकड्यातिकड्या उभ्या आहेत. तिथे रब्बी लोव म्हणजे महाराल यांची कबर आहे, १६०९ ला वारले, मातीचा राक्षस गोलेम यांनीच बनवला अशी दंतकथा आहे. त्या कबरीच्या कडेकपारीत खडे आणि चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात. चार शतकं झाली तरी लोक ठेवतातच. शहराच्या दुसऱ्या भागातल्या नव्या ज्यू दफनभूमीत लेखक काफ्काची कबर आहे, तो १९२४ ला गेला, तिथेही तेच.

पोलंडमध्ये क्राकोला रेमुह सिनेगॉगच्या म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या शेजारी जी दफनभूमी आहे तिथे नात्झींनी फोडलेल्या शिळांचे तुकडे जोडून पूर्ण भिंत उभी केलीय. नावांचे अर्धे तुकडे, कुठे हात, कुठे सिंह कोरलेला. त्याच्यापुढे उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही. रब्बी मोशे इसरलेस यांची कबर तिथलीच, १५७२ ची, तिच्यावर खडे असतातच.

आणि त्रेब्लिंका, पोलंडमधली नात्झींची मृत्युछावणी. तिथे आठ-नऊ लाख माणसं मारली आणि प्रेतं जाळून टाकली, कबर कोणालाच नाही. १९६४ च्या स्मारकात १७००० ओबडधोबड दगड उभे केलेत, काहींवर गावांची नावं आहेत, तिथून आणलेल्या ज्यूंची गावं. माणसाचं नाव फक्त एका दगडावर आहे, यानुश कोर्चाक. वॉर्सातल्या अनाथाश्रमाचे डॉक्टर, पोरांना सोडून पळायची संधी नाकारून त्यांच्याबरोबर गेले. त्या दगडांवर सुद्धा लोक छोटे खडे ठेवून जातात. नाव नाही, तारीख नाही, खाली कोणी नाही, तरी ठेवतात. मीपण ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सन या नात्झी छळछावणीच्या जागी अ‍ॅन फ्रँक आणि तिच्या बहिणीच्या नावाचा दगड आहे, त्यांचीही खरी कबर ठाऊक नाही, तिथेही खडे असतातच. म्हणून मला वाटतं उगम कुठलाही असो, विसाव्या शतकात या रूढीला जे वजन आलं ते या न झालेल्या कबरींमुळे.

जुनीपानं:
मुसाफिर, हे शेवटचं वाक्य पूर्ण पटलं. मी ग्रंथातलं सांगत बसलो, पण आज जगभर लोकांना ही रूढी माहीत आहे ती बरीचशी याच कारणाने.

रोहिणी अश्दोद:
कबरी न मिळालेल्यांवरून आठवलं, आमच्या बेने इस्राएलांची सुरुवातच अशी आहे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे बुडाले, त्यांना किनाऱ्यावर पुरलं अशी आमची परंपरा सांगते. तिथे आता स्मारक आहे. त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. आम्ही इथून गेलो की तिथे आवर्जून जातो, माझ्या पोराने तिथे खडा ठेवला होता, इस्राएलमध्ये वाढलेला ना, त्याचा हात आपोआप खाली जमिनीकडे गेला.

बरं दादा, आता प्रत्यक्ष जाताना काय ते. डोकं झाकायला टोपी न्या, बहुतेक ठिकाणी किपा म्हणजे त्यांची छोटी गोल टोपी मिळते तिथेच. अनावरणाचा कार्यक्रम छोटा असतो, स्तोत्रं, मग शिळेवरचं कापड काढतात, चार शब्द बोलतात, एक प्रार्थना, आणि दहा प्रौढ ज्यू जमले असतील तर कद्दिश, म्हणजे मृताच्या स्मरणार्थ म्हणायची प्रार्थना. कद्दिशमध्ये मध्येमध्ये सगळे आमेन म्हणतात, तुम्हीही म्हणा. तुम्ही काही आठवण सांगू शकलात तर घरच्यांना फार बरं वाटेल, मुलीला बुद्धिबळाचं बोलू द्या ना दोन वाक्यं. कबरींवर पाय देऊ नका, आत काही खाऊ पिऊ नका. खडा कुठलाही चालतो, तुमच्या अंगणातला, समुद्रावरचा, तिथल्या वाटेवरचा. पण दुसऱ्या कोणाच्या कबरीवरचा उचलून ठेवायचा नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, लहान मुलं हमखास करतात. काही जण डाव्या हाताने ठेवतात, काही जण आधी हात टेकवतात शिळेला, सक्ती काहीच नाही. बाहेर पडताना हात धुवायचे, गेटपाशी नळ असतो.

पायवाट:
सगळ्यांचे किती आभार मानू. मुलीने अंगणातला एक खडा शोधून धुवून ठेवलाय. एक शेवटचं विचारतो. मुलगा फोनवर म्हणाला की तो स्वतः आत येणार नाही, रस्त्याकडेला उभा राहील, जागा मुद्दाम रस्त्यालगतची घेतलीय. मला वाटलं काही भांडण वगैरे आहे का घरात. आडनाव कोहेन आहे त्यांचं.

जुनीपानं:
भांडण नाही, ते कोहेन वंशाचे आहेत आणि नियम पाळणारे दिसतात. वर लिहिलं ना, विटाळाचं. आई, बाप, मूल, भाऊ, लग्न न झालेली बहीण अशा जवळच्यांच्या दफनाला कोहेनला जाता येतं, नव्हे जायलाच हवं. पण दफन झालं की ती सूट संपली, नंतर कबरीजवळ जाता येत नाही, बापाच्या सुद्धा. म्हणून अशी कुटुंबं कडेची जागा घेतात, म्हणजे रस्त्यावर उभं राहून कबर दिसते. सगळेच कोहेन आता इतकं कडक पाळत नाहीत, पण हे पाळतायत.

रोहिणी अश्दोद:
मग दादा त्यांना आत जायच्या आधी विचारा, तुमच्या वतीने पण एक ठेवू का. खिशात एक जादा खडा असू द्या.